बाबांचा स्वभाव, त्यांचा पार्किन्सन्स आणि तो एमआरआय

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६९ वर्षांचे, सहकारी बँकेतून निवृत्त, कोथरूडला राहतात, सात वर्षांपासून पार्किन्सन्स (हात थरथरणं, हालचाली आखडणं असा मेंदूचा आजार). आयुष्यभर काटकसरी आणि वक्तशीर. गेल्या दीड वर्षात रात्री दोन-तीनपर्यंत मोबाईल घेऊन बसतात, शेअर बाजारातल्या ऑप्शन ट्रेडिंगमध्ये बरेच पैसे घालवले आहेत, ड्रिल मशीनपासून दुर्बिणीपर्यंत काहीही मागवतात आणि विचारलं की चिडतात. आई म्हणते, आजाराने माणूसच बदलला. काका म्हणतात, सगळं मनात ठेवणाऱ्या ताठर स्वभावामुळेच हा आजार झाला. आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलीने वाचलंय की मेंदूच्या ‘कनेक्टिव्हिटी’वरून, म्हणजे त्याच्या भागांमधल्या जोडण्यांवरून, पार्किन्सन्सच्या रुग्णाचा स्वभाव कळतो. तर तसा एमआरआय करून घ्यावा का?

आधी कामाचं सांगते, बाकीचं सावकाश वाचा. बाबांच्या गोळ्यांच्या स्ट्रिपवर बारीक अक्षरात प्रॅमिपेक्सॉल किंवा रोपिनिरोल असं काही छापलंय का, ते आजच बघा. रोटिगोटिनची अंगाला चिकटवायची पट्टी असेल तर तीही याच गटातली, म्हणजे डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची नक्कल करणारी. यातलं काही असेल तर न्यूरोलॉजिस्टच्या पुढच्या तारखेची वाट बघू नका. फोन करून लवकरची वेळ घ्या आणि मला जे लिहिलंत ते जसंच्या तसं त्यांना सांगा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. एमआरआय नको.

मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूच्या आजारांत मन आणि वागणं तपासणारी मानसतज्ज्ञ आहे, औषधं लिहून देत नाही. पण पार्किन्सन्सच्या घरांमध्ये एक गोष्ट इतकी वर्षं सारखी दिसते. डॉक्टरांच्या खोलीत बोलणं होतं ते थरथरीबद्दल, चालीबद्दल, बद्धकोष्ठाबद्दल. वेळ संपते. मग बाहेर लिफ्टपाशी बायको हळूच विचारते, “यांचा स्वभाव असा का झालाय हो?” स्वभाव म्हटलं की तो घरातला मामला, चारचौघांत काय सांगायचा, असं आपल्याला वाटतं. ‘स्वभावाला औषध नाही’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पार्किन्सन्समध्ये हे चालत नाही. इथे स्वभावातला बदल हे हाताच्या थरथरीसारखंच एक लक्षण आहे. त्याला सुरुवातीची तारीख असते, दिवसातली वेळ असते आणि बरेचदा कारणही हाताला लागतं.

काकांचं म्हणणं मी एका फटक्यात उडवून लावणार नाही, कारण त्या कल्पनेला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं तेव्हा त्याचं लक्ष शरीराच्या हालचालींवर होतं. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून डॉक्टर लिहू लागले की हे रुग्ण कष्टाळू, नेमस्त, नियमाला धरून चालणारे, नव्याच्या वाटेला न जाणारे असतात. त्यातून ‘पार्किन्सन्सचं व्यक्तिमत्त्व’ अशी एक चौकटच तयार झाली. पुढे १९८७ मध्ये रॉबर्ट क्लोनिंजर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने स्वभावाचे पैलू मेंदूतल्या रसायनांशी जोडले. नावीन्याची ओढ डोपामिनशी, धोका टाळण्याची वृत्ती सेरोटोनिनशी, अशी त्याची मांडणी होती. पार्किन्सन्समध्ये डोपामिन कमी होतं, म्हणजे नावीन्याची ओढही कमी, असा सरळ हिशेब बसला. प्रश्नावल्यांतही साधारण तेच निघत गेलं: या रुग्णांच्या गटांत नावीन्याची ओढ आणि बहिर्मुखता सरासरीने कमी, काळजी करण्याची वृत्ती आणि धोका टाळणं जास्त. या आजाराचं प्रमाण सिगरेट ओढणाऱ्यांत कमी आढळतं, हेही काही जण त्याच धाग्याने समजावतात. म्हणजे तंबाखूने त्यांना वाचवलं असं नाही. ज्यांना हा आजार होणार असतो ते मुळात व्यसनाच्या वाटेला कमी जातात, असं त्यांचं म्हणणं.

हिशेब इतका सरळ बसला की मला संशय येतो. फिनलंडमध्ये २००१ साली एक चांगला अभ्यास झाला. औषध अजून सुरू न झालेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या डोपामिन यंत्रणेचं पेट स्कॅनने मोजमाप घेतलं आणि सोबत स्वभावाच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या. नावीन्याच्या ओढीचा आणि डोपामिनच्या मोजमापाचा काही संबंध लागला नाही. संबंध लागला तो धोका टाळण्याच्या वृत्तीशी, आणि तोही उलट्या दिशेने: मेंदूच्या खोलातल्या उजव्या कॉडेट केंद्रकात डोपामिनची खूण जितकी जास्त, तितका माणूस अधिक जपून वागणारा. क्लोनिंजरच्या तक्त्यात हे कुठेच बसत नव्हतं. एक रसायन म्हणजे स्वभावाचा एक पैलू, हे समीकरण तिथेच डळमळायला हवं होतं.

स्वभाव आधी की आजार आधी, यावर एक फार मोठी आकडेवारी ब्रिटनच्या यूके बायोबँक या आरोग्य-नोंदींच्या प्रकल्पाची आहे. जवळपास पाच लाख लोकांची काळजीखोर वृत्ती सुरुवातीलाच मोजली होती आणि पुढे सुमारे बारा वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. सर्वांत काळजीखोर चतुर्थांशात पार्किन्सन्सचा धोका सर्वांत निर्धास्त चतुर्थांशाच्या तुलनेत ८० टक्क्यांहून जास्त निघाला. हा आकडा ऐकून काका खूश होतील. पण पाच लाखांतून एवढ्या वर्षांत आजार झाला तो साधारण अकराशे जणांना. म्हणजे काळजीखोर माणसांपैकीही जवळजवळ कोणालाच झाला नाही. शिवाय या आजाराची पूर्वतयारी मेंदूत फार आधी सुरू होते. वास कमी येणं, बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं हे थरथर दिसण्याआधी दहा-दहा वर्षं असू शकतं. हाइको ब्राक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आजाराचे जे टप्पे मांडले त्यांत मेंदूच्या बुंध्यातली सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन या रसायनांची केंद्रं डोपामिनच्या केंद्राच्या आधी आजाराच्या तावडीत सापडतात. मग चाळिशी-पन्नाशीतली ती चिंता म्हणजे माणसाचा स्वभाव होता की आजाराचं पहिलं पाऊल? एखाद्या एका माणसाबद्दल याचं उत्तर कोणी देऊ शकत नाही. बाबा सगळं मनात ठेवायचे म्हणून त्यांना आजार झाला, असं त्यांच्या तोंडावर बोलणं मात्र निव्वळ क्रूरपणा आहे. एवढं काकांना माझ्या नावाने सांगा.

आता बाबांकडे येऊ. काटकसरी माणूस सत्तरीच्या उंबरठ्यावर ऑप्शन ट्रेडिंग करू लागतो, हे ‘पार्किन्सन्सच्या व्यक्तिमत्त्वा’च्या अगदी विरुद्ध टोक आहे. आजार एका दिशेला ओढतो आणि औषध दुसऱ्या.

मेंदूच्या तळाशी स्ट्रायटम नावाचा भाग आहे. मेंदूच्या पृष्ठभागाकडून तिथे संदेश येतात, गाळून निघतात आणि थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या ठाण्यामार्गे परत पृष्ठभागाकडे जातात. असे फेरे एक नाही, अनेक आहेत. अलेक्झांडर, डीलाँग आणि स्ट्रिक यांनी १९८६ मध्ये असे पाच समांतर फेरे मांडले: एक हालचालींचा, एक डोळे फिरवण्याचा, एक योजना आखण्याचा, एक मोह आवरण्याचा आणि एक इच्छा-प्रेरणेचा. पार्किन्सन्समध्ये डोपामिन सगळीकडे सारखं आटत नाही. आधी आणि सर्वांत जास्त आटतं ते हालचालींच्या फेऱ्यात, स्ट्रायटमच्या मागच्या-वरच्या भागात. खालचा-पुढचा भाग, जिथे बक्षिसाची चव लागते आणि पुन्हा हवंसं वाटतं, तो पहिली काही वर्षं बराच शाबूत असतो.

आणि गोळी तर दोन्हीकडे जाते. हात-पाय मोकळे होतील इतका डोस दिला की जिथे डोपामिन पुरेसं होतं तिथे ते जास्त होतं. प्रॅमिपेक्सॉल आणि रोपिनिरोल ही डोपामिनची नक्कल करणारी औषधं. ती डी-३ जातीच्या ग्राहकांना, म्हणजे पेशींवरच्या डोपामिन पकडणाऱ्या जागांना, विशेष घट्ट चिकटतात आणि हे ग्राहक नेमके त्या खालच्या भागात दाट असतात. परिणाम काय होतो ते अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांच्या २०१० मधल्या मोठ्या पाहणीत दिसलं. जुगार, बेसुमार खरेदी, लैंगिक अतिरेक किंवा खाण्याचा अतिरेक यांपैकी निदान एक गोष्ट १३.६ टक्के रुग्णांत होती. या गटातली औषधं घेणाऱ्यांत १७.१ टक्के, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन बनणाऱ्या लेव्होडोपानेही, आपल्या घरांत जिला सरसकट सिंडोपा म्हणतात त्या गोळीनेही, हे होऊ शकतं. फक्त बरंच कमी.

‘पैसे जाताहेत हे दिसत असून त्यांना कळत कसं नाही,’ असं तुम्ही विचारलंय. यावर २००४ मध्ये मायकल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, तो मी नातेवाइकांना हमखास सांगते. पडद्यावर चिन्हांच्या जोड्या दाखवायच्या आणि त्यांतलं एक निवडायला सांगायचं. कधी बरोबर, कधी चूक, असं करत माणूस हळूहळू शिकतो. गोळी न घेतलेले रुग्ण चुकांमधून जास्त शिकले. गोळीच्या अमलाखालचे रुग्ण यशातून जास्त शिकले आणि चुकांमधून कमी. ट्रेडिंगमध्ये याचा अर्थ सरळ आहे. झालेला एक फायदा मनावर कोरला जातो आणि दहा तोटे नुसते अंगावरून जातात. बाबा तुम्हाला मूर्ख बनवत नाहीत. तोट्याचा जो चटका तुम्हाला-मला बसतो, तो त्यांना गोळीच्या अमलाखाली बसतच नसावा.

मग तो एमआरआय. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, पण त्याचा अर्थ तुम्हाला वाटला तो नाही. साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. कनेक्टिव्हिटीच्या अभ्यासात माणसाला काहीही न करता यंत्रात पडून राहायला सांगतात आणि रक्तातल्या प्राणवायूचे संथ चढउतार मोजतात. हे चढउतार काहीतरी सांगतात हे दाखवलं भारत बिस्वाल यांनी १९९५ मध्ये. हात हलत नसतानाही मेंदूच्या डाव्या आणि उजव्या बाजूंच्या हालचाल-केंद्रांतले चढउतार एका लयीत होते. असे भाग ‘जोडलेले’ असं म्हणायची पद्धत पडली. पण मोजली जाते ती लय, तार नव्हे. लक्ष्मी रोडवरची दोन दुकानं रोज एक ते चार बंद असतात, म्हणून त्यांचा मालक एकच असं थोडंच आहे! असेलही, किंवा दोघांनाही दुपारची झोप प्रिय असेल.

या पद्धतीने पार्किन्सन्सच्या रुग्णांमध्ये शोध घेतला गेलाय आणि त्यातून कामाच्या गोष्टी निघाल्यात. अनावर खरेदी किंवा जुगार असलेल्या रुग्णांत स्ट्रायटम आणि कपाळामागचे आवर घालणारे भाग यांच्यातली लय वेगळी आढळते. उदासीनता असलेल्यांतही हेच फेरे वेगळे वागतात. हे पाच फेऱ्यांच्या चित्राशी जुळतं आणि म्हणूनच मला त्यात रस आहे. पण तपशिलात गेलात तर एका अभ्यासात जी जोडणी कमी दिसते ती दुसऱ्यात जास्त दिसते. कारणं उघड आहेत. अशा बऱ्याच अभ्यासांत एकेका गटात वीस-तीस माणसं असतात. कोणी गोळी घेऊन यंत्रात गेलेला, कोणी न घेता, आणि गोळीने ही लयच बदलते. शिवाय पार्किन्सन्सचा रुग्ण यंत्रात स्थिर कसा राहणार? डोकं एका मिलिमीटरहून कमी हललं तरी जवळच्या भागांतल्या जोडण्या खोट्याच वाढलेल्या आणि लांबच्या कमी झालेल्या दिसतात, हे २०१२ मध्येच सिद्ध झालंय. थरथर हेच ज्यांचं लक्षण, त्यांच्या बाबतीत हा दोष किती मोठा असेल बघा.

स्वभावाचा आणि जोडण्यांचा संबंध तर आणखी क्षीण. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत २०२२ साली सुमारे ५०,००० लोकांच्या स्कॅनवरून दाखवलं गेलं की मेंदूचं मोजमाप आणि वागणं-बुद्धी-स्वभाव यांच्यातले संबंध इतके बारीक असतात की ते भरवशाने पकडायला हजारो माणसं लागतात. हजारोंच्या सरासरीत जे कसंबसं दिसतं ते तुमच्या एकट्या बाबांच्या स्कॅनमध्ये कोण वाचून दाखवणार? कोणी वाचून दाखवतो म्हणाला तर पैसे वाचवा आणि दार लावून घ्या. न्यूरोलॉजिस्ट कधीकधी साधा एमआरआय सांगतात, तो दुसरं काही नाही ना हे पाहण्यासाठी. तो वेगळा, तो जरूर करा.

आईंचं वाक्य, ‘माणूसच बदलला’, याच्याबद्दल थोडं. त्यांनी चार गोष्टींची एकच मोट बांधलेली असू शकते आणि ती सोडवावी लागेल.

एक म्हणजे चेहरा. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायू आखडतात, पापण्या कमी मिटतात, आवाज बारीक होतो, उत्तर उशिरा येतं. समोरच्याला वाटतं माणूस रागावलाय, घुम्या झालाय, त्याला माझ्याशी बोलायचंच नाही. या चेहऱ्यामागे हसू असतं, ते बाहेर येत नाही. अनोळखी लोकच नाहीत, उपचार करणारेही असा चेहरा बघून माणसाबद्दल चुकीचे अंदाज बांधतात. त्यामुळे चेहऱ्यावरून नव्हे, शब्दांवरून ठरवा. सरळ विचारा, “तुम्हाला राग आलाय का?” उत्तरासाठी जरा थांबा. दहा सेकंद फार वाटतात, पण थांबा.

दुसरी उदासीनता. सुमारे चाळीस टक्के रुग्णांत ती असते आणि घरात तिचं नाव आळस. हे नैराश्य असेलच असं नाही. नैराश्यात माणसाला वाईट वाटतं. उदासीनतेत काही वाटण्याचंच प्रमाण कमी होतं. असा माणूस आपणहून उठत नाही, पण कोणी हाक मारून नेलं तर जातो आणि रमतोही. म्हणूनच पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ या रुग्ण आणि नातेवाइकांच्या गटाच्या सभा किंवा नर्तक हृषीकेश पवार यांनी सुरू केलेले नृत्यवर्ग यांचा उपयोग होतो. नाचाने मेंदू दुरुस्त होतो असा दावा मी करणार नाही. पण आतून न मिळणारी ‘चला’ ही सूचना तिथे बाहेरून मिळते. तुमच्या आईंनीही एकदा मित्रमंडळात जावं, बाबा आले नाहीत तरी. तिथले शुभंकर, म्हणजे रुग्णाला सांभाळणारे घरचे लोक, असल्या गोष्टी आमच्यापेक्षा मोकळेपणाने बोलतात.

तिसरी गोष्ट घड्याळाची. गोळी उतरू लागली की काहींना हात आखडण्याआधी भीती दाटून येते, घाम फुटतो, रडू येतं किंवा भयंकर चिडचिड होते. पुढची गोळी चढली की अर्ध्या-पाऊण तासात माणूस पूर्ववत. हा स्वभाव नाही, वेळापत्रक आहे, आणि डॉक्टर ते वेळापत्रक बदलू शकतात.

चौथी, औषधाने सुटलेला आवर, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा गाभा. उदासीनता आणि अनावरपणा एकाच माणसात असू शकतात हे नातेवाइकांना पटत नाही. दिवसभर खुर्चीत बसून असलेला माणूस रात्री दोनला दुर्बीण मागवतो, तेव्हा ‘नाटकं करतात’ असं वाटतं. नाटक नसतं. मेंदूत सबथॅलॅमिक केंद्रकात तारा बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही यातलं एक टोक किंवा दुसरं वर येऊ शकतं. बाबांची ती झालेली नाही, तेव्हा इथे थांबते.

आता डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं. एका वहीत आठ-दहा दिवस गोळ्यांच्या वेळा आणि त्यांच्या शेजारी वागणं लिहा. ‘आज फार हट्ट केला’ असं नको. ‘रात्री १०ची गोळी, १२:३० ते ३ मोबाईल, दोन वस्तू मागवल्या’ असं हवं. सर्वांत महत्त्वाची नोंद जुन्या फायलीत आहे: नक्कल करणाऱ्या गटातली गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढवला आणि पहिली विचित्र खरेदी कधीची. बँकेचं स्टेटमेंट आणि प्रिस्क्रिप्शनं शेजारी ठेवा. पण गोळी वर्षभर आधी सुरू झाली होती म्हणून ती निर्दोष, असं समजू नका. परिणाम उशिरानेही दिसतो.

आईंकडून मी माझ्या खोलीत एक प्रश्नावली दोनदा भरून घेते: एकदा आजच्या बाबांबद्दल, एकदा दहा वर्षांपूर्वीच्या. बाबांकडून वेगळी. दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो फरकच उपयोगी पडतो. बहुतेक रुग्ण ही गोष्ट लपवतात, काहींना ती खरंच जाणवत नाही. म्हणून डॉक्टरांशी पाच मिनिटं वेगळं बोलायला मागा आणि हे बाबांना आधी सांगून करा. पाठीमागे केलेली तक्रार कळली तर पुढची दोन वर्षं ते तुमच्याबरोबर दवाखान्यात येणार नाहीत.

डॉक्टर बहुधा ती गोळी हळूहळू कमी करतील आणि गरजेप्रमाणे लेव्होडोपा वाढवतील. हा काळ अवघड असतो. गोळी उतरवताना काहींना अस्वस्थता, भीतीचे झटके, घाम, खोल उदासी आणि ‘ती गोळी द्याच’ अशी ओढ जाणवते. सगळीच औषधं एकदम थांबवली तर ताप, ताठरपणा आणि शुद्ध हरपण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून सुरुवातीलाच दटावलं.

पैशांचं बोलणं गोळी कमी होण्याची वाट बघत थांबवू नका. बाबा बँकेत होते, तेव्हा त्यांना फसवून कार्ड काढून घेण्याचा बेत करू नका, ते ओळखतील. त्यांनाच सोबत घ्या: यूपीआयची रोजची मर्यादा कमी करा, मुदत ठेवी दोघांच्या सहीशिवाय मोडणार नाहीत अशी सोय बघा, ट्रेडिंग खात्यातली ऑप्शनची सुविधा बंद करायचा अर्ज त्यांच्याच सहीने द्या. “औषधाने तोट्याचा चटका कमी केलाय, तो परत येईपर्यंत ही व्यवस्था” असं सांगितलं तर बरेच जण ऐकतात. “तुम्हाला कळत नाही” म्हटलं की संपलं.

गोळी कमी झाल्यावर बहुतेकांचा हा आवेग काही महिन्यांत ओसरतो. सगळ्यांचा नाही. पूर्वी कधी जुगाराची किंवा व्यसनाची पार्श्वभूमी असेल, घरात कोणाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि मधल्या काळात बाबा जगणं नको असं बोलू लागले, खोलीत नसलेली माणसं त्यांना दिसू लागली, किंवा आईंवर भलता संशय घेऊ लागले, तर वही-बिही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्र असेल तर थेट इमर्जन्सीत जा, आणि जाताना सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून न्या.